पांढऱ्या खडकापर्यंत

गाडी स्वस्त होती, आणि आपले स्वस्तपण तिने कधी लपवले नाही. डांबरी रस्ता आणि दगडधोंड्यांची वाट, दोन्हींसाठी बनवलेली. उंच, सडपातळ, खोल खाचांच्या टायरांची. आरसे सतत थरथरत, त्यामुळे मागचे जग नेहमी हलत्या पाण्यातल्या प्रतिबिंबासारखे दिसे. सकाळी चोक ओढून एकदोन किका फुकट घालवल्या की ती खोकत खोकत जागी होई. धाकट्याला तिचे हे सारे नखरे तोंडपाठ होते. थोरली बहीण लग्न होऊन दूर गेली, तरी घरात त्याला धाकटाच म्हणत.

गाडी त्याने बाबांसाठी घेतली होती. गावामागच्या डोंगरावर जो बिनतारी मनोरा होता, त्याचे बाबा राखणदार. नोकरीच्या अखेरच्या वर्षांत त्यांची नजर अधू झाली, आणि त्या वाटेवर दुसरे वाहन चढत नसे. म्हणून रोज सकाळी धाकटा त्यांना मागे बसवून वर नेई. दोघेही अबोल. बाबा नीट बसले की त्याच्या उजव्या खांद्यावर दोन थापा देत; मगच तो क्लच सोडी. शेवटच्या उभ्या चढाच्या अलीकडे एक पांढरा खडक होता. तिथे बाबा उतरत, कारण पुढे त्यांच्या थोराड देहाचे ओझे त्या लहान इंजिनाला पेलत नसे. धाकटा एकटा वर जाऊन थांबे, आणि बाबा धापा टाकत मागून चालत येत.

"घोड्याचा खुराक वाढव जरा," वर पोचल्यावर ते म्हणत. रोज तेच, आणि रोज दोघेही हसत.

बाबांना जाऊन एक हिवाळा सरला होता. मनोरा आता बंद झाला होता. लवकरच तो उतरवणार होते, आणि त्याच्या पायथ्याची राखणदाराची खोलीही पाडणार होते. हे कळले तेव्हा आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले.

"एकदा वर नेशील मला? ह्यांचा अर्धा जन्म त्या खोलीत गेला, आणि मी तिचं दारसुद्धा पाहिलं नाही. गुडघ्यांनी कधी साथच दिली नाही."

"नेतो ना," धाकटा म्हणाला.

आईला बसवण्याआधी वाट पाहून यावी, म्हणून दुसऱ्या सकाळी तो एकटाच निघाला. पांढऱ्या खडकापर्यंत गाडी बरी चालली. खडक ओलांडताच तिचा दम तुटला. इंजिन गुरगुरले, चाक जागच्या जागी माती उकरू लागले, जणू कोणी मागून धरून ठेवले होते. मग ती बंद पडली. त्याने गाडी मागे घेऊन पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच.

त्याने प्लग घासला, हवेची जाळी धुतली, कार्ब्युरेटर उघडून फुंकर मारली. टाकीच्या झाकणाचे बारीक भोक सुईने मोकळे केले. मागचा ब्रेक चिकटत नव्हता. सपाट रस्त्यावर गाडी वाऱ्यासारखी पळे. खडकापाशी मात्र मरे.

शेवटी तो मिस्त्रीकडे गेला. मिस्त्री अंगाने धाकट्याच्या दुप्पट, आणि जिभेनेही.

"मागे कोणाला बसवून फिरतोस रे?"

"कोणाला नाही. एकटाच असतो."

"मग ही स्प्रिंग काय तुझ्या विचारांनी दबते? बघ." मिस्त्री स्वतः गाडीवर बसला, मागची स्प्रिंग जेमतेम हलली. "आता तू बस."

धाकटा बसला. स्प्रिंग दोन बोटे अधिक खाली गेली.

मिस्त्री बराच वेळ वाकून पाहत राहिला. "स्प्रिंग थकलीये," तो म्हणाला, पण आवाज नेहमीचा नव्हता. "नवीन टाकतो."

नवी स्प्रिंगही धाकटा बसला की तेवढीच दबे. खडकही पूर्वीसारखाच आडवा येई.

खोली पाडायला माणसे उद्या येणार, असा निरोप आला. आई, मूठभर अंगाची, आवरून दारात उभी होती. डोक्यावर बाबांचे हेल्मेट, जरा ढगळे. "नाहीच चढली तर जिथवर जाईल तिथून बघेन मी," ती म्हणाली. तिने तेवढ्यावर समाधान मानावे, हे त्याला सहन होईना.

ती त्याच्या पाठीला अगदी चिकटून बसली.

"आई, थोडी मागे सरक ना. मला हात वळवता येत नाहीयेत."

"जागा असती तर सरकले नसते का?"

घाबरली असेल, असे त्याला वाटले. पहिलीच वेळ होती तिची.

वाटेवर ऊन कोवळे होते. सुकलेल्या गवताचा वास येत होता, आणि इंजिनाचा आवाज डोंगरावर आपटून परत येत होता. पांढरा खडक जवळ आला. धाकट्याने सवयीने वेग वाढवला. इंजिन गुरगुरले. बंद पडले.

त्याने दोन्ही पाय टेकले.

शांतता एवढी की तापलेल्या नळीची टिकटिक ऐकू येत होती. आणि मग त्याला उमगले: बाबा गेल्यापासून तो या खडकापाशी एकदाही आपणहून थांबला नव्हता. दर वेळी चढाच्या ओढीने सरळ पुढे निघाला होता.

त्याने गाडी खडकाशेजारी मागे घेतली. मान वळवली नाही.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "उतरायचं राहिलं."

आईच्या हातांची मिठी घट्ट झाली.

खाली स्प्रिंग एकदा करकरली. गाडी दोन बोटे वर आली.

थोड्या वेळाने आई मागे सरकली. तिच्या हातांची मिठी सैल झाली.

त्याने किक मारली. उभा चढ गाडीने एका दमात पार केला.

खोलीत एक बाक होता, एक खिडकी, आणि डगला अडकवायचा खिळा. खिळ्याखालची भिंत घासून गुळगुळीत झाली होती. आईने तिच्यावरून तळहात फिरवला. मग ती बाकावर बसून खिडकीतून चढाकडे पाहत राहिली.

"त्यांना दम लागायचा ना?"

"हो."

"मग घाई नको."

दोघे बसून राहिले. उन्हाचा पट्टा जमिनीवरून सरकत भिंतीपर्यंत गेला. बाहेर वाटेवरचा एक गोटा घरंगळला, थोड्या अंतराने दुसरा, अधिक जवळ. आई उठली.

"घरी चला आता," ती उघड्या दाराकडे पाहून म्हणाली. "इथलं सगळं पाडणार आहेत."

धाकट्याने गाडी उतरणीकडे वळवून ठेवली. आई बसली, सुरुवातीला ऐसपैस. मग कोणी काही न सांगता ती पुढे सरकली, त्याच्या पाठीला चिकटली, आणि मागे जागा केली.

स्प्रिंग करकरत खाली बसली.

तो क्लच दाबून थांबला. आईचे दोन्ही हात त्याच्या कमरेभोवती होते, बोटांत बोटे गुंफलेली.

उजव्या खांद्यावर दोन थापा पडल्या, आणि त्याने क्लच सोडला.