अण्णांच्या गाडीचा वेगस्थिरक

“तुझ्या हातात शहाण्यासारखी पळते आणि माझ्या हातात आली की बैलगाडी!” अण्णा वैतागून म्हणाले.

विभावरीला हसू आलं. वाहन-प्रयोगशाळेत इंजिनांची तज्ज्ञ म्हणून मिरवायचं आणि बापाच्या जुन्या गाडीचा बिघाड सापडू नये, म्हणजे शोभाच की! गाडीतला वेगस्थिरक, लोकांच्या भाषेत क्रूझ कंट्रोल, ऐंशीवर लावला तरी अण्णांना हळूहळू पन्नासवर आणून सोडायचा. विभावरी बसली की मात्र ऐंशी म्हणजे ऐंशी. पण मेकॅनिकसमोर गाडी गुणी होते, हे कुणाला ठाऊक नाही? असेल एखादी तार सैल, असं म्हणून तिनं ते यंत्रच काढलं आणि लावलेला वेग मुकाट धरून ठेवणारा साधा वेगस्थिरक बसवला.

अण्णांचा चेहरा खुलला. उभी हयात एसटी चालवलेला माणूस तो. गाडीनं आपल्याला आवरावं, हे त्यांना फार झोंबत होतं. “कराडला पोचलो की फोन करतो,” म्हणत ते निघालेसुद्धा.

दुपारी प्रयोगशाळेत तिचा सहकारी फिरोज इनामदार यानं ते काढलेलं यंत्र तपासणीला जोडलं. नियंत्रणशास्त्र हा त्याचा प्रांत.

“विभा, यात बिघाड कुठाय? ठणठणीत आहे.”

“मग अण्णांनाच का छळत होतं?”

“हा शिकणारा वेगस्थिरक आहे. पुढची गाडी थांबायला लागल्यापासून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत किती वेळ जातो, ते हा मोजतो. तो प्रतिक्रियाकाल वाढला की वेग उतरवतो, म्हणजे वेळेत थांबता येतं. सीटवरच्या वजनावरून चालक ओळखतो, म्हणून तुला ऐंशी.”

“मग तसं सांगत का नाही?”

“तुम्ही थकलात, असं गाडीनं तोंडावर सांगितलेलं गिऱ्हाइकांना खपेना. मग त्याचं बोलणं बंद केलं. काळजी घेणं तेवढं ठेवलं.”

फिरोजनं संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. अण्णांच्या प्रतिक्रियाकालाची रेघ वर्षभर वर चढत होती. कशाला हात लावला मी! बापाची अब्रू झाकून जे त्याला सांभाळत होतं, तेच शिकल्यासवरलेल्या लेकीनं उपटून काढलं होतं. तिनं घाईघाईनं फोन लावला.

“अगं, फस्क्लास!” गाडीतून अण्णांचा आनंदी आवाज आला. “ऐंशीवर लावलीय. पाय मोकळे सोडून बसलोय.”

“अण्णा, ते बंद करा. गाडी बाजूला घ्या.”

“का गं? पुढं उसाचा ट्रॅक्टर तेवढा आहे. लांब आहे अजून.”

“ब्रेक दाबा, अण्णा! आत्ता दाबा!”

पलीकडून नुसती चाकांची घरघर येत राहिली. पडद्यावर पाहिलेला तो वेळ ती आता कानांनी ऐकत होती. मग ब्रेक किंचाळले, आणि पत्रा चेपल्याचा आवाज आला.

“अण्णा! बोला ना, अण्णा!”

कण्हतच ते बोलले.

“दाबला गं, विभा. तू म्हणालीस तसा लगेच दाबला.”