पहिला खेळ किनाऱ्यावर

कॅमेरा डोळ्याला लावून मी मागे सरकत गेले आणि पाठ थेट ओल्या रंगाला टेकली. जोआल या आमच्या मासेमारीच्या गावच्या किनाऱ्यावर त्या सकाळी एकच होडी रंगत होती, ती नेमकी माझ्या मागे!

"आडनाव काय तुझं?" ब्रशवाल्यानं विचारलं.

"सेक. यासिन सेक."

"तरीच! सेक मंडळींची नजर कायम भाताच्या परातीवर. होडी कुठून दिसणार?"

"आणि तू नक्कीच गेय. न बोलावता पंगतीला पहिला!"

तो खळखळून हसला. गेय आणि सेक भेटले की एकमेकांना खादाड म्हणायचं, ही आमच्याकडची रीतच. रागावला तो हरला. पण हा बिराम गेय हसून झाल्यावरही माझ्याकडे बघतच राहिला... आणि खरं सांगते, मीही नजर हटवली नाही.

मला त्याच्या आईवर माहितीपट करायचा होता. नवा कारखाना सगळी मासळी पूड करायला उचलत होता, आणि मासे धुरावर सुकवणाऱ्या बायकांच्या भट्ट्या थंड पडल्या होत्या. त्या बायकांची पुढारी म्हणजे बिंतामावशी, बिरामची आई. मी त्याला तसं सांगितलं.

"नाही," तो म्हणाला. आता थट्टा नव्हती. "मागच्या फिल्मवाल्यांनी आईला फक्त रडताना टिपलं. परदेशात टाळ्या घेतल्या. आम्हाला ती फिल्म अजून दिसली नाही."

"माझ्या फिल्मचा पहिला खेळ इथंच होईल. या वाळूवर."

"सेकचा शब्द?"

"यासिनचा."

सहा महिने मी चित्रीकरण केलं, आणि तेवढेच महिने त्याचे टोमणे खाल्ले. मग पॅरिसच्या महोत्सवाचं पत्र आलं. फिल्म निवडली होती, पण पहिला खेळ त्यांनाच हवा होता. असं बोलावणं पुन्हा येईल की नाही, देव जाणे. मी नकार लिहिला.

खेळाच्या दिवशी संध्याकाळी दोन होड्यांमध्ये चादर बांधली. पडद्यावर बिंतामावशी कारखान्याच्या साहेबाला फैलावर घेत होत्या, आणि वाळूवर बायका टाळ्या पिटत होत्या.

"भांडताना मी शोभते गं!" मावशी डोक्याचा रुमाल सारखा करत म्हणाल्या.

बिराम शेजारी येऊन बसला.

"पॅरिसचं कळलं मला. यासिन..."

मी टोमण्याची वाट पाहिली. तो आलाच नाही.

"मला तू आवडतेस. आज थट्टा नाही — खरंच."

गेयनं सेकशी असं सरळ बोलायचं नसतं. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी त्याचा रंगानं माखलेला हात धरला.

"पुढची फिल्म उत्तरेच्या किनाऱ्यावर आहे. येशील?"

"जेवायला घालशील?"

"एकाच परातीत. पण मासा माझ्या बाजूला!"