गौर कशाच्या पावलांनी आली?

खोटं वाटेल, पण मी स्वतः तिथे होते. तेजल माझी सख्खी भाची आहे.

गेल्या वर्षीच्या गौरी. मुलुंडला माझ्या शुभाताईचा फ्लॅट.

अनिरुद्ध भाऊजींनी ओशिवऱ्याच्या जुन्या बाजारातून एक फ्रेंच कपाट आणलं होतं. बुटकं, ड्रॉवरचं, वर गुलाबी संगमरवर. पुढच्या दोन्ही कोपऱ्यांना ब्राँझचे बायकांचे चेहरे, वर सोन्याचा मुलामा. पायांनाही तसेच सोनेरी खूर. भाऊजी आल्यागेल्याला कौतुकानं दाखवायचे. मला ते चेहरे कधीच आवडले नाहीत.

गौरी आणायच्या संध्याकाळी ताई मुखवटे घेऊन दारात उभी होती. मी आतून रीतीप्रमाणे विचारलं, "गौर आली, कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्याच्या पावलांनी आली."

मागे तेजल कपाटावरच्या चेहऱ्यांना हळदीकुंकू लावत होती.

"मावशी, या पण आल्या बघ. यांची तर खरीच सोन्याची पावलं."

आम्ही सगळे हसलो.

दुसऱ्या दिवशी पुरणपोळी खाऊन घर सुस्तावलं होतं. आणि...

टक्... टक्...

लादीवर धातू वाजावा तसं.

मी हॉलमध्ये गेले. कपाट जागेवरच होतं.

पण लादीवर कुंकवाचे ठसे होते... खुरांचे.

ते थेट तेजलच्या पलंगापर्यंत गेले होते.

तेजल झोपली होती. मी तिचा हात धरला. संगमरवरासारखा गार. हाका मारल्या, उठेना. मी ओरडून ताईला बोलावलं.

"ते कपाट काढा आधी घरातून," ताई किंचाळली.

भाऊजींनी हमाल बोलावले. कपाट उंबऱ्याबाहेर गेलं आणि तेजलनं डोळे उघडले. ताईनं रडत कपाटाला हात जोडले. आमच्याकडे कुणाला 'जा' म्हणत नाहीत. सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं...

"या हं परत."

यंदाच्या गौरी परवावर आल्यात. मघाशी ताईचा फोन आला.

"तेजलचे हात गार पडलेत गं. दाराबाहेर टक् टक् वाजतंय."

"ताई, दार उघडू नकोस."

"नाही उघडलं. पण तेजलनं आतून विचारलं ना... गौर आली, कशाच्या पावलांनी आली?"

"मग?"

"बाहेरून उत्तर आलं."

मी घाटकोपरहून निघालेय. रिक्षात बसून हे लिहितेय.

पोचल्यावर बेल वाजवायची की नाही, तेच कळत नाहीये.