दातदुखीचं निमित्त

दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती थांबली, कारण तिथे आधीच कोणीतरी थांबलं होतं.

उंच, खांदे पडलेला माणूस. भिंतीवरची पाटी इतकं मन लावून वाचत होता, की जणू उद्या त्यावर परीक्षा आहे. बाहेर दुपारपासून रिपरिप चालू होती. तिच्या छत्रीचं पाणी पायरीवर ठिबकत होतं.

"कोणाकडे जायचंय?" त्याने विचारलं.

"दातांच्या डॉक्टरांकडे," पाटीवर जे मोठ्या अक्षरांत दिसलं, ते तिने सांगून टाकलं.

"अरे वा! मीही तिकडेच."

"कुठला दात?"

तो गडबडला. "डावीकडचा... म्हणजे, दोन्हीकडचे."

तिला हसू आलं. किती दिवसांनी – तिलाच आठवेना. मग दोघांनी पाटीची खालची ओळ एकदमच वाचली : गुरुवारी बंद. आणि आज गुरुवार होता.

"तिसरा मजला?" त्याने हळूच विचारलं.

तिने मान डोलावली.

चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत, ती काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. अकरा वर्षं. डोळे शिणायचे, घरी वाट बघणारं कोणी नव्हतं, म्हणून रात्रीचा एक पेला. एकाचे तीन कधी झाले, हे तिचं तिलाही कळलं नाही. मागच्या महिन्यात भाचीला पोहण्याच्या वर्गातून आणायचं होतं, आणि ती भरदुपारी झिंगून झोपली. पोर ओल्या केसांनी दोन तास फाटकाशी उभी. ताई चिडली असती तर बरं झालं असतं. ताई फक्त म्हणाली, "यापुढे मी बघेन."

त्यानंतर तिने इथल्या व्यसनमुक्ती गटाचा नंबर लावला. तीनदा 'हॅलो' ऐकून फोन ठेवून दिला. चौथ्यांदा पलीकडची बाई म्हणाली, "बोलू नका हवं तर. नुसता पत्ता लिहून घ्या."

त्याच बाई तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत होत्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, आवाज अजून वर्गातलाच. डझनभर खुर्च्या, चहाची किटली. तिच्या हातातला कप बशीवर खडखडायला लागला. शेजारी बसलेल्या त्याने अर्धा चहा आपल्या कपात ओतून घेतला.

"अर्धा कप असला की सांडत नाही," तो पुटपुटला.

"अनुभव दिसतोय."

"लिफ्ट दुरुस्त करतो मी. हात कापतो म्हणून वर चढू देत नाहीत हल्ली. खाली बसून हत्यारं पुसतो."

"आणि आलात जिन्याने?"

"लिफ्टच्या आत काय असतं ते मला माहीत आहे ना!"

तिची पाळी आली. "मी दारू पिते," ती म्हणाली. "माझी भाची..." आणि ती रडायलाच लागली. कोणी 'रडू नका' म्हणालं नाही. बाईंनी तेवढं म्हटलं, "आजच्याला एवढं पुष्कळ झालं."

मग गुरुवार येत राहिले. बैठक सुटली की तो तिला बसथांब्यापर्यंत सोडायचा. एका छत्रीत दोघं, एकेक खांदा भिजलेला.

"तुम्ही मुद्दाम हळू चालता," ती म्हणायची.

"बस मुद्दाम लवकर येते, त्याचं काय?"

आठव्या गुरुवारी तो आला नाही. त्याची खुर्ची रिकामीच राहिली. परतताना तिचे पाय आपसूक दारूच्या दुकानाकडे वळले. तो नाही, तर मी तरी कशाला... हा विचार मनात आला आणि तीच दचकली. दारातूनच तिने बाईंना फोन लावला. बाई घरापर्यंत तिच्याशी बोलत राहिल्या, पार कुलूप उघडेपर्यंत.

नवव्या गुरुवारी तो आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. सगळ्यांसमोर म्हणाला, "वर चढायची परवानगी मिळाली. सोबतच्यांनी आनंदाने पाजली, मी आनंदाने प्यायलो. आज पुन्हा पहिला दिवस."

बैठक सुटल्यावर तो तिला थांब्यापर्यंत सोडायला आला.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "मी बैठकीला तुमच्यासाठी येत होतो."

"मीही." तिचा आवाज फार दमलेला होता. "म्हणूनच भीती वाटते. तुम्ही घसरलात आणि माझाही पाय घसरणार होता. बुडणाऱ्याने बुडणाऱ्याचा हात धरून कसं चालेल?"

"मग?"

"मंगळवारचीही एक बैठक असते म्हणे... तुम्ही तिथे जा."

"हाकलताय?"

"नाही. वर्षभर तुम्ही तुमचं सांभाळा, मी माझं." ती थांबली. "त्यानंतर भेटू."

तो ओल्या रस्त्याकडे बघत राहिला. मग हळूच हसला. "वर्षभरात तुम्ही बदलाल. मी ओळखलं नाही तर?"

"बदलायलाच तर येते."

वळणावर बसचे दिवे दिसले. तिने छत्री त्याच्या हातात दिली. त्याला अजून लांब चालायचं होतं. बसच्या पायरीवर पाय ठेवून ती मागे वळून म्हणाली,

"शोधशील ना?"

नऊ गुरुवार 'अहो-जाहो' केलेल्या त्या माणसाला हे 'शोधशील' पुरतं कळेपर्यंत बस सुटलीसुद्धा. मग तो मोठ्याने "हो!" म्हणाला, आणि थांब्यावरची चार माणसं वळून त्याच्याकडे बघायला लागली.