पाटीवरची कोरी ओळ

कारखान्यात सगळ्यांच्या आधी मीच पोचायची. त्या सकाळी मात्र दारात स्टूल होतं, स्टुलावर आमचा कटिंगमास्तर आणि त्याच्या तोंडात दोन खिळे. मला पाहून तो असा दचकला, की एक खिळा माझ्या पायाशी पडला.

"चोरी करताना सापडल्यासारखं काय करता, मास्तर?"

"पाटी लावतोय…" त्याने हात पुढे केला. मी खिळा दिला. बोटाला बोट लागलं. हात मागे घ्यायला त्याने जरा उशीरच केला… की मीच?

"काय लिहिलंय?" मला तेव्हा मराठीसुद्धा वाचता येत नव्हतं, इंग्रजी तर लांबच.

"व्हेकन्सी."

"म्हणजे काय?"

"कामावरची रिकामी जागा. कुणी सोडून गेलं, कुणाला काढलं, की म्हणायचं व्हेकन्सी निघाली. नवं माणूस आलं, की व्हेकन्सी भरली."

मी आत पाहिलं. शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना आमचा. चौदा मशिनी, चौदा बायका. "मग कोण सोडून गेलंय?"

"अजून… कुणी नाही."

त्याचं ते 'अजून' दिवसभर कानात खुपत राहिलं. पाटीवर त्या शब्दाखाली एक ओळ कोरी होती. कोणत्या कामाची जागा आहे, ते मालकीणबाई तिथे खडूने लिहायच्या. दोन दिवसांनी लिहिते, म्हणाल्या. तोवर चौदाजणी एकमेकींकडे तिरक्या नजरेने बघत बसलो.

मी काजं करायची. घरी वडील अंथरुणाला खिळलेले, आणि चूल माझ्या पगारावर. जागा गेली तर… पुढचा विचारच करवत नव्हता.

त्यातच हा मास्तर! कामाला लागल्यापासून आठ महिन्यांत धड दोन शब्द बोलला नव्हता, आणि आता मशिनीपाशी घुटमळून विचारतो, "इथे किती वर्षं झाली तुम्हाला?"

"सहा. का?"

"घरी कमावणारं दुसरं कुणी…?"

"नाही. ही उलटतपासणी कशासाठी?"

"सहज." आणि कान लाल!

मग आणखी एक गोष्ट लक्षात आली. माझ्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक सदऱ्यावर काजांच्या जागी आधीच खडूच्या बारीक रेघा असायच्या. दुसऱ्या कुणाचं काम तो असं करून ठेवत नव्हता. म्हणजे हिच्यावाचून काही अडत नाही, हेच मालकीणबाईंना दाखवायचं असणार! वर तोंड बघा, किती भोळं.

तिसऱ्या दिवशी कोरी ओळ भरली. मी त्याला गाठलं. "वाचा."

त्याने पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं… आणि कात्रीला धार लावायची आहे म्हणून निघून गेला.

मी तडक मालकीणबाईंसमोर उभी राहिले. "माझं काय चुकलं, बाई?"

"तुझं?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "अगं, कटिंगमास्तर चाललाय. दोन दिवस विचार कर म्हटलं, तरी ऐकेना. म्हणतो, लग्नाचा विचार आहे, मुलगी इथलीच आहे. आपला नियम ठाऊक आहे ना तुला? एका घरातली दोन माणसं इथे कामाला चालत नाहीत."

जागा वाचली होती. मग छातीत हे कसलं दुखणं? कोण ही मुलगी? कॉलर लावणारी असणार. मेली सारखी सुईच मागायला जायची त्याच्याकडे!

सुटी झाल्यावर मी त्याला टेबलापाशीच अडवलं. "अभिनंदन, मास्तर. कॉलरवाली छान आहे."

"तिचं काय?"

"मग बाहीवाली?"

तो कापडाची घडी करत राहिला. मोडली, पुन्हा केली. "आठ महिने रेघा कुणाच्या गठ्ठ्यात मारतोय मी?"

माझी नजर टेबलावरच्या खडूवर गेली.

"डोळे चोळत काम करायचात तुम्ही," तो म्हणाला. "म्हटलं, तेवढाच त्रास वाचेल…"

"आणि नोकरी सोडलीत? मला न विचारता?"

"आजवर इथल्या ज्या दोघांचं जमलं, त्यांत घरी बसली ती बाईच. आधी विचारलं असतं, तर नियम तुमच्यावर आला असता."

"मी नाही म्हटलं तर?"

"तर नाही. तुमची जागा तर राहते. कापणाऱ्याला काम मिळतं हो कुठेही." तो हसला, पण हातातली घडी काही नीट बसली नव्हती.

मी ती त्याच्या हातातून घेतली, झटकली आणि नीट घालून दिली. "रविवारी घरी या. वडील फार संशयी आहेत, सांगून ठेवते."

"तुमच्यासारखे?"

"माझ्याहून जास्त."

"मग 'जावयाची व्हेकन्सी भरली' अशी पाटीच लावतो दारावर… खिळे घेऊनच येतो."

नवा कटिंगमास्तर मिळायला तीन महिने लागले. तो आला त्या सकाळी पाटीवरचा खडू पुसायला मालकीणबाईंनी मलाच सांगितलं. ओलं फडकं हातात घेऊन मी आधी ती ओळ वाचली, एकेका अक्षरावर बोट ठेवून. मग पुसली. शिकवणारा एव्हाना घरचाच झाला होता.