सहाशे सह्या

"ताई, कोऱ्या कागदावर सही करू नका. वर काहीतरी लिहा. नाहीतर निदान एक आडवी रेघ तरी ओढा."

प्रकाशनगृहातले मुद्रितशोधक काका हे म्हणाले तेव्हा मी हसले होते. माझ्याच दुसऱ्या कादंबरीतला कारकून अशा एका कागदापायी तुरुंगात गेला होता, तरी हसले. म्हटलं, "काका, माझ्या नावावर ना घर, ना जमीन. कोण काय लिहून घेणार?"

"मी कुठे जमिनीचं म्हणतोय," ते म्हणाले, आणि चष्मा नाकावर ओढून पुन्हा कुणाच्या तरी बागकामाच्या पुस्तकातल्या चुका शोधायला लागले.

पद्धत अशी असते. लेखकाच्या सहीची प्रत हवी असणारे वाचक पुष्कळ असतात आणि लेखक सगळीकडे पोचत नाही. म्हणून पुस्तक बांधायच्या आधीच पहिलं पान सुटं पाठवतात. पानाच्या खाली, उजव्या कोपऱ्यात सही करायची. मग ते पान पुस्तकात शिवलं जातं. तिसऱ्या कादंबरीची सहाशे पानं माझ्याकडे आली. चार दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मी सह्या केल्या. भिंगरी शेजारच्या खुर्चीत गुडघ्यांवर बसून एकेक पान पुढे सरकवत होती. ती साडेतीन वर्षांची. एका जागी बसत नाही म्हणून भिंगरी. पण त्या चार दुपारी शहाण्यासारखी बसली.

तीन महिन्यांनी पुस्तक आलं आणि दौरा ठरला. पाच गावं, नऊ दिवस. तिला सोडून मी आजवर एक रात्रसुद्धा बाहेर राहिले नव्हते. फ्रिजवर यादी लावली : औषधं, डॉक्टरांचा नंबर, पाळणाघराच्या वेळा. नवरा यादी वाचून म्हणाला, "अगं, मी बाप आहे तिचा. भाडेकरू नाही." तो चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. शांत माणूस. मी नाही. मी गाडी सुटायच्या आधी दोनदा फोन केला आणि सुटल्यावर एकदा.

पहिल्या गावात दुकान जिना चढून वर होतं. नव्या सतरंजीचा आणि डिंकाचा वास. चाळीस खुर्च्या, एकोणीस माणसं. मी नेहमी मोजते. खुनाच्या गोष्टी लिहिणाऱ्या बाईला लोक ठरलेले प्रश्न विचारतात. रात्री झोप लागते का, नवरा घाबरतो का. मी ठरलेली उत्तरं दिली, ते ठरल्यासारखे हसले. मग एक निवृत्त परिचारिका प्रत घेऊन टेबलाशी आल्या.

"यावर तुम्ही आधीच लिहिलंय. पण हे काय लिहिलंय हो?"

सहीच्या वर, निळ्या शाईत : *पेल्यातलं दूध पीत नाही. निळा कप द्यावा.*

अक्षर माझं होतं. माझा 'प' पोटात फुगतो, तसाच फुगलेला.

"घरची यादी चुकून यावर उतरली असणार," मी म्हटलं. "दुसरी प्रत देते तुम्हाला."

"नको, असू दे. गोड आहे," त्या म्हणाल्या आणि पुस्तक छातीशी धरून निघून गेल्या.

खोलीवर येऊन पाय धुताना आठवलं. सह्या केल्या त्याला तीन महिने झाले होते. निळा कप आम्ही मागच्या महिन्यात आणला.

दुसऱ्या गावात कॉलेजचं ग्रंथालय. पंखे जोरात, माइक मंद. मी वाचत होते पण लक्ष लोकांच्या मांडीवरच्या पुस्तकांकडे. एका मुलीने सही पुरेशी नाही, नाव पण घाला म्हणून प्रत उघडून पुढे केली. वर आधीच ओळ होती : *कडी आधी वर उचलायची, मग ओढायची. आवाज झाला तर ती जागी होते.*

आमच्या दाराची कडी तशीच आहे.

"मॅडम, हे रहस्यातलं आहे का? क्लू?" मुलीने विचारलं.

"हो," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तिसऱ्या गावात मी जेवले नाही. सभागृह एका बँकेच्या वरच्या मजल्यावर होतं, भिंतीला ओल, समोर साठ-पासष्ट माणसं. ज्यांच्याजवळ सहीची प्रत होती त्यांना मी आपणहून म्हटलं, आणा, बघू. अकरावी प्रत : *उजव्या कानामागे खाजवायला लागली की समजावं, झोप आली.*

हे मला माहीत नव्हतं.

खाली येऊन नवऱ्याला फोन केला. "भिंगरी झोपायच्या आधी काय करते रे?"

"काय करते म्हणजे? कान खाजवते. उजवा. तूच नाही का काल सांगितलंस?"

"मी सांगितलं?"

"फोनवर. अगं, जेवलीस का तू नीट?"

आदल्या दिवशी आम्ही दोन मिनिटं बोललो होतो. इस्त्रीच्या कपड्यांबद्दल.

परत जावं असं त्याच क्षणी वाटलं, खोटं कशाला सांगू. पण काय सांगून जाणार होते? माझ्या पुस्तकात माझ्याच अक्षरात माझ्याच मुलीबद्दल खरं लिहिलंय, म्हणून? प्रकाशकांकडून आलेली प्रसिद्धीवाली आधीच मला जपून हाताळत होती. हातात पाण्याची बाटली घेऊन माझ्यामागे फिरायची. मी स्वतःला समजावलं, थकवा आहे. आई झाल्यापासून मला प्रत्येक बंद दारामागे काहीतरी झालेलं दिसतं. सासूबाईंनी माझं नाव 'काळजीचं दुकान' ठेवलंय, आणि दुकान कधी बंद नसतं.

चौथ्या गावात कार्यक्रम साडेचारला होता. मी चारलाच पोचले आणि टेबलावरचा ढीग उपसायला घेतला. नव्या पुस्तकांची पानं एकमेकांना चिकटलेली असतात, ती अंगठ्याने सोडवत गेले.

"मॅडम, काय शोधताय? मी मदत करू?" प्रसिद्धीवाली.

"नको."

अठ्ठाविसावी प्रत. *आजपासून भिंगरीला मीच घ्यायला येईन. चार वाजता.* खाली सही. माझी.

भिंतीवरच्या घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. नवरा तिला साडेपाचला आणायचा.

मी पाळणाघराच्या काकूंना फोन लावला. मागे मुलांचा गलका होता, कुणीतरी डबा आपटत होतं.

"काकू, भिंगरी आहे ना?"

"आत्ताच गेली की."

"कोण आलं होतं न्यायला?"

काकू हसल्या. "झाली का सुरू तुमची गूढकथा! अहो, तुम्हीच आलात ना. दौरा लवकर संपला म्हणालात. वर चिठ्ठी दिलीत. मी म्हटलं, तुम्ही समोर उभ्या आहात, चिठ्ठी कशाला? तर म्हणालात, असू द्या, सही असलेली बरी."

"कसला कागद होता?"

"जाड, चांगला. पुस्तकाचा असतो तसा. ताई, पोचलात ना घरी?"

नवऱ्याने दुसऱ्या रिंगला उचललं. "बोल गं. काही आणायचंय का येताना?"

"मी अजून इथेच आहे. चौथ्या गावात. भिंगरीला कुणीतरी नेलंय."

"बरं, बरं," तो आवाज खाली आणून म्हणाला. "ही चेष्टा घरी आल्यावर कर. समोर आजोबा बसलेत, डोळ्यांत थेंब घातलेत मी त्यांच्या."

मग घरचा फोन. तो भिंगरीला उचलायला आवडतो. खुर्ची ओढत आणते आणि चढते.

"हॅलो, कोण बोलतंय?"

"भिंगरी, बाळा, आई बोलतेय."

"नाही," ती म्हणाली. घाबरलेली नव्हती. चूक दुरुस्त करत होती. "आई इथे आहे. वेण्या घालतेय." मग तोंड फोनपासून लांब नेऊन : "आई, एक बाई आहे."

"सांग, राँग नंबर."

ध्वनिमुद्रणात स्वतःचा आवाज ऐकला की तो जरा बारीक वाटतो, आपला वाटत नाही. तो आवाज तसा होता.

घरी पोचायला सकाळ उजाडली. जिन्यात नेहमीच्या चपला, आमच्या दाराबाहेर नेहमीची कुंडी. मी किल्ली लावली. ती अर्धीच फिरली. बेल वाजवली.

नवऱ्याने दार उघडलं. अंगावर दुकानात जायचा शर्ट, हातात भिंगरीचा मोजा.

"आपण?"

त्याने माझ्या आधी डाव्या, मग उजव्या डोळ्यात पाहिलं, गिऱ्हाइकांकडे पाहतो तसं.

"अरे, मी आहे."

"मॅडम आहेत घरात," तो सभ्यपणे म्हणाला, "पण मुलीचं आवरतंय. सही हवी असेल तर पुस्तक ठेवून जा. तुमचं नाव सांगा, त्या लिहून ठेवतील."

मी नाव सांगितलं नाही. मी त्याला त्या नावाने हाक मारली, जे फक्त मी वापरते, तेही दिवे मालवल्यावर.

त्याचे कान लाल झाले.

"हे पण घातलंय का तिने पुस्तकात?" तो पुटपुटला.

त्याच्या मागून भिंगरी गेली. भिंतीला हात न लावता, सरळ, सावकाश. दोन वेण्या. मधला भांग दोरीने आखल्यासारखा. मला तिचा भांग कधी सरळ काढता आलेला नाही, ती हलते म्हणून.

तिने माझ्याकडे पाहिलं. दारावर पार्सल घेऊन आलेल्या माणसाकडे पाहावं तसं.

आतून कुणीतरी विचारलं, "कोण आहे रे?"

"वाचक," नवरा म्हणाला.

दार लागलं.

पोलीस ठाण्यात गेले. ठाणे अंमलदार वयस्क होते, त्यांनी चहा मागवला, सगळं लिहून घेतलं, एकदाही हसले नाहीत. मग कागद माझ्याकडे फिरवला. "इथे सही करा." मी पेन टेकवलं. पहिल्या अक्षराचा फाटा निघाला आणि हात थांबला. पुढे काय येतं ते मला आठवत होतं, हाताला नाही. चार वेळा प्रयत्न केला. त्यांनी माझं ओळखपत्र शेजारी धरलं, फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो.

"बाई, यांचं कार्ड तुम्हाला कुठे सापडलं?" त्यांनी हलकेच विचारलं.

मी कार्ड तिथेच टाकून निघाले. तेव्हापासून एका मैत्रिणीच्या बंद घरात राहते आहे. मैत्रीण परदेशात असते. तिने मला फोनवर ओळखलं नाही, पण किल्ली कुठे असते ते मला माहीत होतं.

दौरा चालूच आहे. पुस्तक खपतंय म्हणून गावं वाढवली. आता माझ्या जागी आलेली ती भिंगरीला बरोबर नेते, लोकांना ते फार आवडतं. एका कार्यक्रमाला मी गेले होते. दहा पावलं आत जाईपर्यंत प्रसिद्धीवालीने माझा दंड धरला, कुणाला तरी म्हणाली, "त्या बाई पुन्हा आल्यात," आणि मला पाण्याची बाटली दिली. तेव्हापासून माझा फोटो दारावरच्या माणसांकडे असतो.

म्हणून मी प्रकाशकांनी टाकलेले फोटो बघते. मोठे करून, कोपरा कोपरा. आत्तापर्यंत तीन आले. पहिल्यात भिंगरी व्यासपीठावर, त्या दुसरीच्या मांडीवर. दुसऱ्यात पहिल्या रांगेत, एकटी. तिसऱ्यात शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत. बाकी सगळे व्यासपीठाकडे बघताहेत. भिंगरी उघड्या दाराकडे बघतेय आणि हसतेय. पाळणाघरात ओळखीचं माणूस न्यायला आलं की हसायची तसं. खुर्चीवरून अर्धी उतरलेली, एक पाय जमिनीवर.

त्या दाराबाहेर मी नव्हते. व्यासपीठावरची तर जागेवरच होती, आणि सह्या मी सहाशे केल्या होत्या.

पुढचा कार्यक्रम गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता आहे. गावाचं नाव पुस्तकांच्या दुकानाबाहेर लागलेलं असेल, कदाचित तुमचंच असेल. तुम्ही जा. प्रश्न विचारू नका, व्यासपीठावर कोण बसलंय तेही बघू नका. शेवटच्या रांगेपर्यंत मागे वळून बघा. साडेतीन वर्षांची मुलगी, दोन वेण्या. ती तिथे आहे का, एवढंच बघा. असेल तर तिच्या शेजारी बसा, आणि दारात कुणीही आलं, अगदी मी आले तरी, तिचा हात सोडू नका.