कातडी गल्लीचा नकाशा

"नकाशा गेला, नोरीन. सोमवारी माझं घर जाणार."

एवढं बोलून डल्सी हॅनराहान खुर्चीत बसली. खुर्ची क्लाइव्हने पुढे केली होती. एक्याऐंशी वर्षांची बाई, पण रडत नव्हती. भयंकर चिडली होती.

नोरीन पॅस्को पोलिसातून निवृत्त झाल्यापासून खाजगी तपासाची कामं घ्यायची. क्लाइव्ह तिचा धाकटा दीर. सदतीस वर्षं ट्राम चालवली, आता वहिनीची गाडी चालवायचा. तिला जे दिसतं ते आपल्याला का दिसत नाही, ही त्याची जुनी पोटदुखी होती.

कॉर्विल म्हणजे मेलबर्नच्या पश्चिमेचं उपनगर. एके काळी इथे कातड्याच्या कारखान्यांचा असा वास मारायचा, की ट्राममधले लोक खिडक्या लावून घ्यायचे. आता त्याच जागी लोक कॉफीसाठी रांगा लावतात. वास गेला आणि त्याच्याबरोबर कामगारही गेले. उरली ती कातडी गल्लीतली सहा घरं, आणि सहाव्यात जन्मलेली डल्सी.

बिल्डरला ती घरं पाडायची होती. घरं १८९० च्या आधीची असल्याचा पुरावा सोमवारपर्यंत आणा, नाहीतर पाडायला परवानगी, असं नगरपालिकेने बजावलं होतं. पुरावा म्हणजे १८८८ चा गटारांचा नकाशा. त्यात घरंच काय, मागचे संडाससुद्धा रेखाटलेले. महिन्यापूर्वी डल्सीला तो नवऱ्याच्या शेडमध्ये पत्र्याच्या डब्यात सापडला. आणि काल, शुक्रवारी, इतिहास मंडळाच्या खोलीतून तो नाहीसा झाला.

मंडळाची खोली वाचनालयाच्या मागे होती. वाचनालय सांभाळणारी योआना बिचारी कासावीस झाली होती.

"साडेपाचला मी स्वतः पाहिला. साडेसहाला कपाट रिकामं. मधला तास मी पुढच्या टेबलाशी, समोर वाचक गटाच्या अकरा बायका. विचारा हवं तर."

"किल्ली?"

"खिळ्याला टांगलेली. सगळ्या मंडळाला ठाऊक आहे. मागचं दार साडेसहापर्यंत उघडंच असतं."

क्लाइव्ह फलकापुढे उभा होता. कागदांच्या गर्दीत एक चौकोन मोकळा होता, चारही टाचण्या जागेवर. "इथे काय होतं गं?"

"पेपरातला डल्सीचा फोटो. हातात नकाशा धरलेला. काल दुपारपर्यंत तरी होता," योआना म्हणाली.

बाहेर पडल्यावर क्लाइव्हला भूक लागली, म्हणून दोघं कोपऱ्यावरच्या पबात जेवायला गेले. मालकीण शर्ली आधीच वैतागलेली होती.

"काल सहाला मटणाची सोडत होती. दर शुक्रवारची. पहिलं बक्षीस चॉप्सची परात. हिरवं तिकीट, अडतीस नंबर आलं. मी तीनदा ओरडले, माणसाचा पत्ता नाही. हजर नाही त्याला बक्षीस नाही, मग पुन्हा चिठ्ठी काढली. तेवढ्यावरून अर्धा तास भांडणं."

"चॉप्स सोडून जाणारा माणूस कॉर्विलमध्ये आहे?" क्लाइव्हला खरंच नवल वाटलं.

बिल्डर क्रेग सॉलिट कामावरच भेटला. "काल पाच ते सात इथे काँक्रीट ओतत होतो. नऊ माणसं होती. बाई, मला नकाशा चोरायची गरज काय? ती घरं आज ना उद्या आपोआप पडतील."

"माणूस पाठवला असशील," क्लाइव्ह म्हणाला.

"मग शोध त्याला," क्रेग हसला. क्लाइव्हच्या मते चोर सापडला होता.

शेवटी मर्व्हिन टेट. तीस वर्षं मंडळाचा अध्यक्ष. कॉर्विलचा दगड न् दगड त्याला पाठ. त्याने चहा केला, पण साखर विचारली नाही.

"मी काल पाच ते सात पबात. दर शुक्रवारी असतो." त्याने शर्टाच्या खिशातून हिरव्या तिकिटांची पट्टी काढून टेबलावर ठेवली. छत्तीस ते चाळीस. "नशिबात नव्हतं. नेहमीचंच."

"डल्सीच्या होतं," नोरीन सहज म्हणाली.

"डल्सी!" त्याने कप आपटला. "वीस वर्षं मी सरकारी दप्तरं पालथी घातली त्या नकाशासाठी. ही शेड झाडायला गेली आणि हिला मिळाला. पेपरवाल्यांनी माझं नावसुद्धा विचारलं नाही."

रविवारी दुपारी नोरीनने सगळ्यांना मंडळाच्या खोलीत बोलावलं.

"योआनाला साक्षीदार आहेत, क्रेगलाही. क्रेगने माणूस पाठवला असता, तर त्याने नकाशा नेला असता आणि पाय काढला असता. पण चोराने फलकावरचा फोटोही नेला. टाचण्या एकेक काढून, परत जागच्या जागी लावून. घर पाडायला फोटो कशाला लागतो? तो फोटो कुणाच्या तरी डोळ्यांत खुपत होता."

ती मर्व्हिनकडे वळली.

"मर्व्ह, तू तिकिटं घेतलीस हे खरं. पण सहाला हिरवं अडतीस पुकारलं, तीनदा. ते तुझ्या पट्टीत आहे. तू तिथे असतास तर परात घेऊन घरी गेला असतास. तू सोडतीच्या वेळी इथे होतास."

क्लाइव्हने कपाळावर हात मारला. शर्लीचं बोलणं त्यानेही ऐकलं होतं, तिकिटंही पाहिली होती.

मर्व्हिनने चष्मा काढला. "पलंगाखाली आहे. कापडात गुंडाळून ठेवलाय. तो काय फाडून टाकणार होतो मी?"

"आणि माझं घर?" डल्सीने विचारलं.

"घर मनात आलंच नाही गं. रोज दार उघडलं की तुझा फोटो दिसायचा. मी जळत होतो, दुसरं काही नाही."

डल्सी उठली, पर्स काखोटीला मारली. "उद्या नगरपालिकेत तू बोल. त्या गटारांच्या खुणा मला कळत नाहीत, तुला कळतात. मला माझं घर पाहिजे."

मर्व्हिनचा चेहरा असा झाला, की तिने थोबाडीत मारली असती तर बरं, असं क्लाइव्हला वाटलं. त्या क्षणी त्याला या माणसाची दया आली, आणि स्वतःच्या जुन्या पोटदुखीची थोडी लाजही वाटली.

सोमवारी सभागृह भरलं होतं. मर्व्हिनने नकाशा टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर चार पुस्तकं ठेवली. तीस वर्षं ज्या भाषणाची वाट पाहिली ते त्याच्या हातात होतं.

"महापौर, हा नकाशा मी..." तो थांबला. पाणी प्यायला. हातातले कागद घडी करून खिशात घातले.

"हा नकाशा डल्सी हॅनराहान यांना सापडला. मी तो चोरला होता."

सभागृहात कुजबुज सुरू झाली. ती थांबेपर्यंत तो उभा राहिला, मग चष्मा लावून त्याने सहाव्या घरावर बोट ठेवलं.